मशीन घ्यायच्या आधी: कोरोनाने शिकवलेला हिशोब



मागच्या महिन्यात मोताळा तालुक्यातल्या एका बैठकीला गेले होते. विषय निघाला द्रोण-पत्रावळीच्या मशीनचा. एका ताईने विचारलं, "लग्नसराई तोंडावर आहे, कर्ज काढून घेऊनच टाकू का?" दुसऱ्या गटाच्या ताई लगेच म्हणाल्या, "आम्ही घेतलं होतं. कोरोनात बंद पडलं. हप्ता पुढे ढकलता आला, पण व्याज काई थांबलं नाई नं माय." म्हणून या वेळी हाच अभ्यास घेऊ.

एक मशीन थांबलं, दुसरं धावलं

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला. ऐन लग्नसराईत मंगल कार्यालयं बंद झाली. नंतर परवानगी मिळाली तीही ५० माणसांच्या लग्नाची. शेगावचं मंदिर बंद, गावोगावचे भंडारे बंद. मग द्रोण घेणार कोण?

त्याच वेळी मास्कची मागणी एकदम वाढली. दवाखान्यातला निळा मास्क सुती नसतो बरं का! तो पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचा असतो. प्लास्टिकचे दाणे वितळवून, गरम हवेच्या झोताने अगदी बारीक धागे काढतात आणि मधला गाळणीचा थर बनवतात. अशा मशीनला जगभर मागणी आली. आपल्या देशात साथीच्या आधी पीपीई किट जवळजवळ बनतच नव्हते. मे २०२० मध्ये रोज सुमारे २ लाख बनू लागले.

पण माल वाढला तसा भाव उतरला. ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या राज्य सरकारने तीन पदरी मास्कची जास्तीत जास्त किंमत ४ रुपये ठरवली. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, मास्कची सक्तीच संपली. ज्यांनी उशिरा मशीन घेतलं, त्यांचं गिऱ्हाईक गेलं आणि कर्ज मात्र राहिलं.

बचत गटांच्या महिलांनीही तेव्हा मास्क शिवले, पण साध्या शिलाई मशीनवर. साथ ओसरल्यावर त्याच मशीनवर ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवता आले. एकाच कामाचं मशीन आणि चार कामांचं मशीन यात हा फरक आहे.

हिशोब मंदीच्या महिन्याचा करा

समजा, मशीनचा हप्ता महिन्याला ४,००० रुपये आहे. कागद, वीज आणि मजुरी वजा जाता १०० द्रोणांमागे १० रुपये उरतात. म्हणजे नुसत्या हप्त्यासाठी ४०,००० द्रोण विकावे लागतील.

- लग्नसराईत ६०,००० विकले: ६,००० रुपये उरले. हप्ता जाऊन २,००० शिल्लक.
- पावसाळ्यात १५,००० विकले: १,५०० रुपये उरले. हप्त्याला २,५०० कमी.

मशीन विकणारा पहिला हिशोब दाखवतो. दुसरा आपल्यालाच मांडावा लागतो.

कायदाही बघा

मागणी फक्त साथीने बदलत नाही. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर बंदी आहे. त्याच महिन्यात महाराष्ट्राने प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्या आणि कपांवरही बंदी आणली. म्हणून मशीन चालेल का, एवढंच विचारू नका. त्यात कोणता कच्चा माल घालणार आणि तो चालतो का, हेही विचारा. आपल्याकडे पळसाची पानं आहेत. त्या पानांचा साचा बसतो का, हे विकत घेण्याआधी समोर चालवून बघा.

पुढच्या बैठकीत चर्चा करा

१. ही मागणी बारमाही आहे, हंगामी आहे की तात्पुरती?
२. याच मशीनवर दुसरं काय बनवता येईल?
३. आपल्या तालुक्यात असं मशीन आधीच किती जणांकडे आहे?
४. तीन महिने काम बंद राहिलं, तर हप्ता कुठून भरणार?
५. बिघडलं तर दुरुस्तीला कोण येतं, खामगावहून की पार मुंबईहून?

उत्तरं गटाच्या वहीत लिहा. चौथ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही, तर घाई करू नका. आधी गटात तीन हप्त्यांएवढी रक्कम बाजूला काढा, मग कर्जाचा ठराव घ्या. मोताळ्याच्या त्या ताईंनीही तेच ठरवलं आहे. मशीन पुढच्या वर्षीही मिळेल, पण गटाची पत एकदा गेली की परत मिळवायला फार वर्षं लागतात.

तुमची,
क्षेत्र समन्वयक