वयाच्या खाती जमा केलेले दुखणे

पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाचे कोणतेही दुखणे वयाच्या खाती जमा करून मोकळे होण्याची जी सोयीस्कर वहिवाट आपल्या दवाखान्यांत पडली आहे, तिचा मासला मला स्वतःच्या मांड्यांवर सोसावा लागला, म्हणून ही कैफियत. अँजिओप्लास्टीनंतर सुरू झालेली अटोर्वास्टॅटिन या स्टॅटिनची 80 मिलिग्रॅमची गोळी मी वर्षानुवर्षे बिनतक्रार घेत होतो. गेल्या हिवाळ्यात खोकला छातीत उतरला तेव्हा ती गोळी देणाऱ्याच डॉक्टरांनी तिच्या जोडीला क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक लिहून दिले, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच मांड्या व खांदे असे भरून आले की, पाटावर जेवायला बसलेला मी सुनेने काखेत हात घालून ओढल्यावाचून उठू शकेना. सांध्यांत कळ नव्हती. दुखत होते ते मांस, आणि तेही दोन्ही अंगांना सारखेच. हे सारे मी डॉक्टरांपुढे क्रमवार मांडले. "आजोबा, या वयात पाय दुखायचेच, कॅल्शियम घ्या," एवढा निकाल मान वर न करता देऊन त्यांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली. अव्वल कारकून म्हणून मी जन्मभर अर्जांवर शेरे लिहिले, पण अर्ज न वाचता शेरा मारण्याचे धाडस मला कधी झाले नाही.

पुढे लघवी कोऱ्या चहासारखी काळसर झाली, तेव्हा मुलाने दुसऱ्या रुग्णालयात नेले. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर एकाखाली एक मांडल्या, दोन नावांखाली रेघ ओढली आणि स्नायू मोडले की रक्तात वाढणारा सीपीके तपासायला सांगितले; आकडा सामान्य मर्यादेच्या दहापटीहून पुष्कळ वर निघाला. स्टॅटिन अंगात फार साचले की स्नायूंना इजा करते; त्यातच वयाबरोबर स्नायू झिजतात, औषधाचा निचरा करण्याची यकृत-मूत्रपिंडांची शक्ती मंदावते आणि गोळ्यांची संख्या तेवढी वाढते. त्यात क्लॅरिथ्रोमायसिन यकृतातील नेमके तेच विकर अडवते, ज्याने अटोर्वास्टॅटिनचे विघटन व्हायचे. दोन्ही एकत्र द्यायचीच तर अटोर्वास्टॅटिन 20 मिलिग्रॅमच्या वर नको, हे त्याच्या माहितीपत्रकातच छापलेले असते. म्हणजे जे वय पुढे करून मला वाटेला लावले, तेच माझी गोळी तपासण्याचे सबळ कारण होते!

पहिल्या डॉक्टरांच्या कानी हे घातले, तर 'स्टॅटिनचा त्रास पुष्कळदा मनाचाच असतो' ही मखलाशी. ती अगदीच निराधार नव्हे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका चाचणीत, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्यांना औषधविरहित गोळीनेही जवळजवळ तेवढाच त्रास जाणवला होता. परंतु मनाच्या खेळाने सीपीके असा चढत नसतो, एवढे तरी त्यांना ठाऊक असायला हवे होते.

सबब माझ्या वयाच्या मंडळींनी नवे प्रतिजैविक, बुरशीवरचे औषध किंवा रक्तदाबासाठी डिल्टियाझेम, व्हेरापामिल यांपैकी काही हाती पडताच 'हे माझ्या स्टॅटिनशी जुळते का?' असे स्पष्ट विचारावे. मूत्रपिंडांच्या तपासणीत कृश देहात क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर दोन्ही फसवे चांगले दिसतात, म्हणून सिस्टॅटिन-सीवरून काढलेला ईजीएफआर पाहावा. थायरॉइड मंद असला तरी स्नायूंचा धोका वाढतो, तेव्हा टीएसएचही. पाणी, फिरणे वगैरे सर्वांना ठाऊक आहेच. स्टेंट बसलेल्याने नुसत्या दुखण्यावरून गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टर ऐकत नसतील तर डॉक्टर बदलावा. मात्र अशक्तपणासोबत लघवी काळसर दिसली, तर भेटीची वेळ ठरवत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.