बियाण्याचा दोडका

भादवा सरत आला. परसातला मांडव दोडक्यांनी लवला आहे. लाल भोपळ्याचा देठ वाळला, सालीत नख रुतेना, की तो देठासकट काढावा. कोरड्या जागी ठेवला तर दोन-तीन महिने टिकतो.

पण सगळेच तोडून खाऊ नका. एका साली आम्ही ही चूक केली. वेलावर एकही दोडका राखला नाही. मिरग आला तेव्हा घरात बी नव्हते. बाजारातून आणले, ते उगवलेच नाही. त्या पावसाळ्यात मांडव ओका राहिला. कितीतरी दिवस भाकरीशी नुसती चटणी खाल्ली.

तेव्हापासून निरोगी वेलावरच्या एका चांगल्या दोडक्याला आम्ही चिंधी बांधतो. चिंधी दिसली की पोरेसुद्धा हात लावीत नाहीत. तो वेलावरच वाळतो. हलवला की आत बी खुळखुळते. मग बी काढावे, सावलीत सुकवावे, राखेत घालून मडक्यात ठेवावे.

रिकाम्या वाफ्यात मेथी टाका. महिन्याभरात भाजी मिळेल. वाळलेले वेल जाळू नका. खड्ड्यात टाका, वर शेणकाला व माती घाला. तीन-चार महिन्यांत खत होते.

प्रश्न : १. आमचा मांडव ओका का राहिला? २. तुम्ही यंदा कशाला चिंधी बांधाल?