विजेच्या मोटारीचे चार्जिंग : घरचे आणि वाटेवरचे



विजेवर चालणारी मोटारगाडी आता आपल्या गावांतही दिसू लागली आहे. घरात गाडी घ्यायचा विचार निघाला की पहिला प्रश्न येतो तो चार्जिंगचा. घरी जमेल का? बिल किती येईल? लांबच्या वाटेवर काय करायचे? विहिरीवरची मोटर ज्याला कळते त्याला हा विषय अवघड नाही. म्हणून त्याच हिशेबाने समजून घेऊ.

१. किती विजेचा भार?

एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. घरातल्या पंधरा अँपियरच्या जाड पिनेच्या प्लगवर गाडी लावली की ती सुमारे ३.३ किलोवॅट वीज ओढते. म्हणजे साडेचार एच.पी.ची मोटर घरात चालू केल्यासारखेच झाले. भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा चार्जर म्हणजे जवळजवळ दहा एच.पी. हमरस्त्यावरचा ६० किलोवॅटचा जलद चार्जर ऐंशी एच.पी.चा.

फरक एवढाच की घरातला मिक्सर पाच मिनिटे चालतो आणि गाडी सलग पाच-सहा तास वीज ओढते. ढिला जोड किंवा बारीक वायर पाच मिनिटे तग धरते, सहा तासांत मात्र तापते आणि जळते.

२. किती वेळ, किती युनिट?

बॅटरीचे माप युनिटातच असते. उदाहरणार्थ, २०२२ साली बाजारात आलेल्या टाटा टियागो गाडीच्या विजेच्या प्रकारात १९.२ आणि २४ युनिटांच्या बॅटऱ्या आल्या. समजा २४ युनिटांची बॅटरी २० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर न्यायची आहे. बॅटरीत १७ युनिट भरावे लागतील. वाटेत थोडी वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून मीटरवर १९ युनिट पडतील. १९ ला ३.३ ने भागा, पावणेसहा तास झाले. रात्री जेवून लावली की पहाटे तयार.

व्होल्टेज २३० ऐवजी १८० मिळाले तर वेळ वाढेल. फारच उतरले तर चार्जर आपणहून बंद पडेल.

३. बिलाचा हिशेब

मीटरवरच्या एका युनिटात अशी गाडी साधारण सहा किलोमीटर जाते असे धरू. रोज तीस किलोमीटर फिरणे असेल तर रोज ५ युनिट, महिन्याला १५०. आता आपले बिल काढून बघा. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो : शंभरपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, त्यापुढे आणखी जास्त. घरात ९० युनिट जळत असतील तर गाडीचे १० युनिट पहिल्या टप्प्यात बसतील आणि १४० दुसऱ्या टप्प्यात जातील. म्हणून गाडीचा खर्च पहिल्या टप्प्याच्या दराने धरू नका, फसगत होईल.

४. शेतीपंपाची वीज वापरायची का?

हा मुद्दा नीट वाचा. २०२४ च्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एच.पी.पर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. मग मळ्यातल्या पेटीवरूनच गाडी लावली तर काय बिघडले, असे कुणी म्हणेल. बिघडते ते असे : ज्या कारणासाठी जोडणी मंजूर झाली ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरणे, हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर आहे. लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. आकडा टाकला तर ती सरळ चोरी, कलम १३५. गाडी घराच्या मीटरवर लावा, नाहीतर महावितरणकडे चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागा. मंजूर भार कमी असेल तर आधी तो वाढवून घ्या.

५. वायरिंग कसे असावे?

(अ) मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र लाइन. १५ अँपियरला तांब्याची चार एम.एम. वायर, ७.२ किलोवॅटला सहा एम.एम. किंवा जाड. वस्ती मीटरपासून लांब असेल तर आणखी जाड.

(आ) स्वतंत्र एम.सी.बी. आणि ३० मिलिअँपियरला तुटणारा आर.सी.सी.बी. फ्यूजला तार गुंडाळून भागवू नये.

(इ) अर्थिंग पक्के हवे. ते नसेल तर बहुतेक गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत. गाडी बिघडली असे वाटते, पण दोष अर्थिंगचा असतो.

(ई) एक्स्टेन्शन बोर्ड नको. कडबा, पाचट, डिझेल यांपासून जागा लांब ठेवा. उंदरांनी केबल कुरतडली नाही ना, हे अधूनमधून बघा.

६. वाटेवरचे चार्जिंग

गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, त्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. त्यामुळे पेट्रोलपंप, हॉटेले यांनाही चार्जर बसवता येऊ लागले. दर घरच्यापेक्षा जास्त असतो, पैसे बहुधा मोबाइलवरून भरावे लागतात.

चार्जर ६० किलोवॅटचा असला तरी गाडी आपल्या ताकदीइतकीच वीज घेते. पाच एच.पी.च्या मोटरला मोठा डी.पी. दिला म्हणून ती जास्त पाणी काढत नाही, तसेच हे. शिवाय ८० टक्क्यांनंतर चार्जिंग हळू होते. म्हणून वाटेवर ८० पर्यंत भरा आणि निघा.

कोल्हापूर-पुणे अंतर सुमारे २३५ किलोमीटर. हमरस्त्यावर २४ युनिटांची बॅटरी दीडशेच्या आतच संपते. साताऱ्याला पोचेपर्यंत २० टक्क्यांच्या आसपास उरेल. तिथे ८० टक्के भरली तरी खंबाटकी घाट धरून पुणे जेमतेम. तेव्हा लहान बॅटरीला दोन थांबे धरा आणि २५ टक्के उरले की चार्जर गाठा. चार्जर चालू आहे का, हे निघण्याआधी मोबाइलवर पाहा आणि पुढचा दुसरा ठिकाणाही लक्षात ठेवा.

गाडी घेण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा : रोजचे फिरणे किती? घराचा मंजूर भार किती? अर्थिंग तपासून किती वर्षे झाली? तिसऱ्याचे उत्तर आठवत नसेल तर गाडीच्या दुकानात जाण्याआधी वायरमनला बोलवा.