घरांतील जुना व नवा संगणक : त्यांचें बोलणें कां खुंटतें ?

घरांत एकाहून अधिक संगणक असणें ही गोष्ट यवतमाळ जिल्ह्यांत आतां नवलाची राहिलेली नाहीं. वडिलांच्या धंद्याचा जुना संगणक पुढच्या खोलींत आणि मुलांच्या अभ्यासाचा नवा संगणक आंतल्या खोलींत, अशी मांडणी आमच्या कांहीं विद्यार्थ्यांच्या घरीं आढळते. दोन्ही एकाच राऊटरला जोडलेले असतात. परंतु एकावरील फाईल दुसऱ्यावर घ्यावयाची म्हटली कीं नवा संगणक जुन्यास ओळखही दाखवीत नाहीं. मग कोणी तार बदलतो, कोणी राऊटर बंद करून पुन्हां चालू करतो, कोणी दुरुस्तीवाल्यास बोलावतो. विद्यार्थी आम्हांस ह्याविषयीं वरचेवर विचारतात. म्हणून ह्या अंकांत ह्या विषयाचा कांहींशा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

जुना संगणक टाकून कां देत नाहींत, असें कोणी विचारील. त्याचें एक उत्तर मराठी छपाईच्या व्यवहारांत आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकें, संस्थांचे अहवाल जुळविणाऱ्या अनेकांनीं आपलें काम विंडोज एक्स्पीच्या काळीं, म्हणजे सन २००१ नंतरच्या वर्षांत, सुरू केलें. पेजमेकर, आणि त्याच्या जोडीस पुण्याची श्रीलिपि किंवा पुण्याच्याच सी-डॅक संस्थेची आयएसएम, हीं त्यांचीं हत्यारें. तीं त्या यंत्रावर नीट बसलेलीं आहेत, हात त्यांना सरावलेले आहेत, आणि नवीं घ्यावयाचीं म्हणजे पुन्हां खर्च आला. ज्या यंत्रावर घराची चूल पेटते तें केवळ जुनें झालें म्हणून कोणी भंगारांत घालीत नाहीं.

यवतमाळ ते मूर्तिजापूर ह्या अडीच फुटी लोहमार्गावरील 'शकुंतला' गाडी विद्यार्थ्यांना निदान ऐकून ठाऊक असेल. किलिक निक्सन कंपनीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं हा मार्ग बांधविला तो मुख्यतः वऱ्हाडच्या कापसासाठीं. त्यावर आतां गाडी धांवत नाहीं, परंतु तिची एक अडचण आपणांस येथें उपयोगी पडेल. मूर्तिजापुरास मुंबईचा मोठा लोहमार्ग मिळे. त्याच्या रुळांतील अंतर साडेपांच फूट. शकुंतलेचा डबा त्यावर चढणें शक्यच नव्हतें. डबा मोडका नव्हता, रूळही खराब नव्हते. दोहोंचें माप निराळें होतें, एवढेंच. म्हणून कापसाच्या गांठी एका गाडींतून उतरवून दुसरींत भराव्या लागत. जुन्या व नव्या संगणकांची गोष्ट पुष्कळशी अशीच आहे.

संगणक परस्परांशीं फाईलींची देवघेव करतात ती एका ठराविक बोलींत. तिचें नांव एसएमबी. सन १९८३ च्या सुमारास अमेरिकेंतील आयबीएम कंपनींत बॅरी फायगेनबॉम ह्या गृहस्थांनीं तिचा आरंभ केला, व पुढें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या विंडोजमध्यें ती वाढविली. ह्या बोलीचीं कालपरत्वें तीन मोठीं रूपें झालीं. एक्स्पीस फक्त पहिलें येतें. सन २००७ मध्यें सर्वांस मिळूं लागलेल्या व्हिस्टामध्यें दुसरें आलें, आणि सन २०१२ च्या विंडोज ८ मध्यें तिसरें. दोन संगणक भेटले म्हणजे फाईल मागणारा प्रथम आपणांस येणाऱ्या रूपांची यादी पुढें करतो. देणारा तींतून स्वतःस येणारें सर्वांत नवें रूप निवडतो. यादींत सामाईक असें कांहींच नसेल तर बोलणें तेथेंच खुंटतें. एक्स्पी व विंडोज ११ ह्यांच्यांत घडतें तें हेंच. कारण एकास पहिल्याखेरीज दुसरें ठाऊक नाहीं आणि दुसऱ्यानें पहिलें सोडून दिलेलें असतें.

परंतु प्रत्येक अबोल्याचें कारण हेंच असतें असें मात्र नव्हे. आमचा अनुभव असा कीं, निम्म्याहून अधिक वेळां दोष अगदीं साधा निघतो. म्हणून शेवटच्या कारणावर प्रथमच उडी घेऊं नये. पहिल्यानें दोन्ही संगणक खरोखर एकाच जाळ्यांत आहेत काय तें पाहावें. कांहीं राऊटर पाहुण्यांसाठीं वेगळें वाय-फाय देतात, व त्यावरील यंत्रास घरांतील इतर यंत्रें दिसूं नयेत अशीच त्याची रचना असते. मुलांचा संगणक चुकून त्या पाहुण्यांच्या वाय-फायला किंवा मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडलेला असला तर बाकी सर्व खटाटोप व्यर्थ आहे. आज्ञेच्या काळ्या खिडकींत 'आयपीकॉन्फिग' असें लिहिलें असतां त्या यंत्राचा पत्ता मिळतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५ असा. घरगुती जाळ्यांत बहुधा दोन्ही पत्त्यांचे पहिले तीन आंकडे सारखे असतात. 'पिंग' ह्या आज्ञेनें हांक मारून पाहतां येतें. मात्र ओ आली नाहीं म्हणून समोर कोणी नाहीं असें समजूं नये, कारण विंडोजची संरक्षक भिंत अशा हांकेस पुष्कळदां उत्तर देऊं देत नाहीं.

दुसरी गोष्ट यादीची. 'नेटवर्क' ह्या चौकटींत जुन्या संगणकाचें नांव दिसत नाहीं एवढ्यावरून तो संगणक नाहींच असें अनुमान काढणें चुकीचें होय. ती यादी पूर्वीं ज्या पद्धतीनें तयार होई ती पहिल्या रूपाबरोबरच मागें पडली. नवे संगणक निराळ्या पद्धतीनें एकमेकांची दवंडी पिटतात, आणि ती दवंडी एक्स्पीस कळत नाहीं. तेव्हां यादीच्या नादीं न लागतां वरच्या पत्त्याच्या पट्टींत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पुढें समोरच्या यंत्राचा आंकडी पत्ता लिहावा. दोन्ही यंत्रें नव्या पिढीचीं असलीं तर एवढ्यानेंच दार उघडल्याचें आम्हीं अनेक वेळां पाहिलें आहे.

विंडोज नव्या जाळ्यास जोडतांना तें 'पब्लिक' कीं 'प्रायव्हेट' असें ठरविते. पब्लिक म्हणजे बसस्थानकावरील जाळें. तेथें आपलें दार लावून घेणें योग्यच. घरचें जाळें त्या सदरांत पडलें असेल तर तें प्रायव्हेट करावें. सन २००९ च्या विंडोज ७ बरोबर आलेली 'होमग्रुप' नांवाची सोय कांहीं पालकांस आठवत असेल. ती सन २०१८ मध्यें काढून टाकण्यांत आली, तेव्हां ती शोधण्यांत वेळ दवडूं नये.

परवलीच्या शब्दाविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे, कारण येथें चांगले जाणते लोकही अडखळतात. पूर्वीं घरांत परवलीच्या शब्दावांचून, 'पाहुणा' म्हणून, फाईली घेतां येत. नव्या विंडोजला हें रुचत नाहीं. सन २०२४ मधील विंडोज ११ प्रोच्या आवृत्तीनें तर पाहुण्याची वाट बंद केली आणि प्रत्येक निरोपावर यंत्राची सहीही सक्तीची केली. म्हणून ज्या संगणकावर फाईली आहेत तेथें एक स्वतंत्र खातें उघडून त्यास परवलीचा शब्द द्यावा, आणि दुसऱ्या संगणकावरून मागतांना तेंच नांव व तोच शब्द लिहावा. रोज सकाळीं संगणक उघडतांना आपण जो चार आंकड्यांचा 'पिन' दाबतों तो येथें चालत नाहीं. तो त्या एका यंत्रापुरताच असतो. जाळ्यावरून खात्याचा खरा परवलीचा शब्दच लागतो.

इतकें सर्व पाहूनही दार उघडलें नाहीं, आणि नवा संगणक 'ही बोली कालबाह्य व असुरक्षित आहे' अशा अर्थाचा इशारा देऊं लागला, म्हणजे समजावें कीं आपण मूर्तिजापुरास येऊन पोंचलों. येथें मापच निराळें आहे.

हा इशारा वाचून कांहीं विद्यार्थी म्हणतात, "यंत्र उगाच घाबरवितें, ती जुनी बोली पुन्हां चालू करण्याची खूण कोठें आहे तेवढें सांगा." ती खूण आम्ही पुढें सांगणार आहों; परंतु ती बंद कां केली हें आधीं वाचावें. पहिल्या रूपांत एक भोंक होतें. मायक्रोसॉफ्टनें मार्च २०१७ मध्यें तें बुजविण्याची दुरुस्ती काढली. पण दुरुस्ती निघणें वेगळें आणि ती प्रत्येक यंत्रावर बसणें वेगळें. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा हल्ला सुरू झाला. एका यंत्रांत शिरला कीं तो त्याच भोंकांतून जाळ्यांतील शेजारच्या यंत्रांत आपोआप शिरे, फाईली कुलूपबंद करी आणि किल्लीसाठीं पैसे मागे. कांहीं दिवसांत सुमारे दीडशें देशांतील दोन लक्षांहून अधिक यंत्रें त्यानें गांठलीं; इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांत रोग्यांस परत पाठवावें लागलें. एक्स्पीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजींच संपलेली होती, तरी प्रसंग ओळखून तिच्यासाठींही अपवाद म्हणून दुरुस्ती देण्यांत आली.

पुढच्याच महिन्यांत, २७ जून रोजीं, 'नॉटपेट्या' नांवाचा दुसरा हल्ला युक्रेन देशांत सुरू झाला. त्यानेंही ह्याच भोंकाचा उपयोग केला. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचीं यंत्रें त्यांत सांपडलीं, आणि मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील त्या समूहाच्या धक्क्याचें काम ठप्प झालें. नोंदी हातानें करण्याची वेळ आली, माल खोळंबला. कोठें युक्रेन आणि कोठें न्हावाशेवा ! ह्या प्रकरणांतील एक गोष्ट आमच्या जिल्ह्यांतील वाचकांस विशेष वाटेल. मर्स्क कंपनीच्या जगभरच्या यंत्रांची व वापरणारांची ओळख ठेवणारीं मुख्य यंत्रें एकामागून एक पुसलीं गेलीं. त्यांतील एक तेवढें आफ्रिकेंतील घाना देशांत वांचलें, कारण हल्ल्याच्या वेळीं तेथें वीज गेलेली होती. त्यावरूनच पुढें सर्व जाळें पुन्हां उभें करतां आलें. वीज जाण्यानें कोणाचें भलें झाल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

ह्या दोन हल्ल्यांच्या वर्षींच विंडोज १० मधून जुनी बोली काढण्यास आरंभ झाला. घरगुती आवृत्तींत अशी योजना होती कीं, संगणक चालू असण्याचे पंधरा दिवस ती बोली कोणी वापरली नाहीं तर ती आपोआप निघून जावी. "मागच्या महिन्यांत तर चालत होतें" ही तक्रार कित्येकांनीं केली तिचें मूळ बहुधा ह्यांतच होतें. विंडोज ११ मध्यें ती आरंभापासूनच बसविलेली नसते.

आतां उपाय. जुन्या फाईली एकदांच हलवावयाच्या असतील तर एक दुपार मोकळी ठेवावी. राऊटरला बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढावी. घरांतलें जाळें तरीही चालतें. नव्या संगणकाच्या कंट्रोल पॅनेलमध्यें विंडोजच्या सोयी चालू-बंद करण्याची यादी आहे. तींत 'एसएमबी १.०' ह्या ओळीखालीं 'क्लायंट' व 'सर्व्हर' अशा चौकटी दिसतील. खूण करावयाची ती फक्त क्लायंटवर. वर सांगितलेलें भोंक फाईल देणाऱ्याच्या बाजूस होतें, मागणाऱ्याच्या नव्हे. म्हणून नव्या संगणकानें मागणारा व्हावें, देणारा होऊं नये. फाईली आणून झाल्या कीं खूण काढावी, संगणक पुन्हां सुरू करावा, आणि मगच इंटरनेटची तार जोडावी. हा क्रम उलटा करूं नये. वर सांगितलेल्या सहीच्या सक्तीमुळें विंडोज ११ प्रोवर ही युक्ति बहुधा चालणार नाहीं. तेथें पेनड्राइव्हच बरा. तो 'फॅट ३२' पद्धतीनें तयार केलेला असावा म्हणजे एक्स्पीस वाचतां येतो. मात्र त्यांत चार जीबीहून मोठी एकच फाईल मावत नाहीं. नव्या संगणकावर तो तपासल्याशिवाय उघडूं नये.

देवघेव रोजचीच असेल तर शकुंतलेची रीत उत्तम. एखादा पडून असलेला तिसरा संगणक घ्यावा, त्यावर लिनक्स व सांबा बसवावें. सांबा ही ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल ह्यांनीं आरंभिलेली, विनामूल्य मिळणारी सोय असून तिला ह्या बोलीचीं सर्व रूपें येतात. पहिलें रूप मात्र सन २०१९ पासून मुद्दाम सांगितल्याशिवाय ती बोलत नाहीं. ह्या मधल्या यंत्रास दोन जोडण्या असाव्या : एक केवळ एक्स्पीकडे तारेनें, दुसरी घरच्या राऊटरकडे, आणि एका जोडणीवरील वाहतूक दुसरीवर जाऊं देऊं नये. वडिलांनीं इकडून गांठ उतरवावी, मुलांनीं तिकडून उचलावी. जुना संगणक इंटरनेटच्या वाऱ्यासही उभा राहत नाहीं, आणि त्यावरचा धंदा पूर्ववत् चालतो. नवा संगणक कायमचा जुन्या बोलींत बोलूं देण्यापेक्षां ही खटपट आम्हांस शतपटीनें शहाणपणाची वाटते; कारण तेथें पणास लागतात त्या वडिलांनीं वर्षानुवर्षें जुळविलेल्या फाईली, ज्यांची दुसरी प्रत बहुधा कोठेंच नसते.

फाईल सुखरूप आली, पण उघडल्यावर मराठीच्या जागीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा गोंधळ दिसला, तर ती बिघडली असें समजून पुसून टाकूं नये. श्रीलिपि, आयएसएम ह्यांच्या जुन्या अक्षरमुद्रा रोमन अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरें बसवीत. आजची युनिकोड पद्धति प्रत्येक देवनागरी अक्षरास त्याचें स्वतःचें घर देते. जुनी मुद्रा नव्या यंत्रावर नसेल तर खालचीं रोमन चिन्हें उघडीं पडतात, एवढेंच. म्हणून जुन्या संगणकावरून फाईल हलवितांना तिची पीडीएफ प्रतही तेथेंच काढून, दोन्ही एकाच नांवानें जवळ जवळ ठेवाव्या. पुढील वर्षीं तोच अहवाल पुन्हां जुळवावयाचा झाला तर मूळ फाईल युनिकोडमध्यें बदलून घेतां येते, आणि बदलतांना कोठें काना-मात्रा गळली तें पीडीएफशीं ताडून पाहतां येतें.