तांडेल, तारू आणि उठलेला दर्या



या तिमाहीच्या अभ्यासासाठी प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 घेऊ या. सावर्ड्याहून समुद्र तसा लांब. पण रेल्वे येण्याआधी आमच्या भागातली माणसेही दाभोळला जाऊन मुंबईची बोट धरत. त्यामुळे इथल्या म्हाताऱ्यांसमोर वादळाचा विषय काढला की ‘रामदास’ हे नाव निघतेच.

17 जुलै 1947. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. आषाढ अमावस्येच्या सुमारास ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. जेमतेम दीड तासाची वाट. कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी दर्यात घालत नाहीत, ते उगाच नव्हे. काशाच्या खडकाजवळ बोटीत पाणी येऊ लागले आणि घाबरलेले उतारू एका बाजूला धावले. भार एकीकडे आला की बोट कलते, आत शिरलेले पाणीही त्याच बाजूला वाहते, आणि वरून मोठी लाट आली की तिला सावरायला अवधीच मिळत नाही. ‘रामदास’ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. कप्तान शेख सुलेमान वाचले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, म्हणून मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता.

आता पौलाचे तारू पाहा. तिथेही हंगाम उलटून गेला होता. पुढे जाऊ नका, असे पौल म्हणाला; शताधिपती युल्याने तांडेलाचे आणि मालकाचे ऐकले. मी त्याला फार दोष देत नाही. दर्यावरच्या गोष्टीत कैद्यापेक्षा तांडेलाचेच कोणीही ऐकेल.

वादळ उठल्यावर खलाशांनी मात्र कसूर केली नाही. होडी वर ओढून घेतली, तारू खालून दोरांनी आवळले, माल फेकला, तिसऱ्या दिवशी तारवाचे सामानही. चौदाव्या रात्री बुडीद टाकली तेव्हा वीस वाव पाणी भरले, थोडे पुढे पंधरा. मग मागच्या बाजूने चार नांगर सोडले. कातकरी वाडीवरच्या वर्गात एका मुलाने विचारले, “मागून का?” नदीत मासे धरणारा पोर तो; प्रश्न बरोबर होता. पुढून नांगर टाकला तर वारा तारवाला गर्रकन फिरवतो. मागून टाकला की नाळ किनाऱ्याकडेच राहते आणि उजाडल्यावर थेट आत घालता येते.

नेमके याच वेळी, पुढचे नांगर टाकण्याचे निमित्त करून, खलाशी होडी सोडून निसटू पाहत होते. पौलाने ते ओळखले. त्याच्या शब्दावर शिपायांनी होडीचे दोर कापले. निसटायचे साधन गेले, पण तारू चालवणारे हात तारवावर राहिले. मग पहाटेपूर्वी पौलाने सगळ्यांना जेवायला बसवले. 276 माणसे अशा रात्री आपापल्या जागी बसून जेवली! मला या अध्यायातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. ‘रामदास’च्या उतारूंना यासाठी दोष देता येणार नाही, यांना चौदा रात्री मिळाल्या, त्यांना काही मिनिटे.

जेवण झाल्यावर तारू हलके करायला त्यांनी गहू समुद्रात टाकला. त्या जुलैत रेवसच्या कोळ्यांनी भरल्या होड्यांतली मासळी दर्यात ओतली ती मात्र बुडणारी माणसे आत घ्यायला. पोटाची कमाई होती ती. अभ्यासवर्गात हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवा आणि मुलांनाच बोलू द्या.