लग्नाच्या डीव्हीडीची प्रत : तबकडी, राइटर आणि वेग

डीव्हीडीवरची माहिती आकड्यांच्या रूपात असते, म्हणून तिची प्रत मुळाइतकीच चांगली निघते, असे सर्रास मानले जाते. चित्रापुरते ते खरे आहे. फाइल जशीच्या तशी उतरवली तर प्रतीतले रंग फिके पडत नाहीत की आवाज घोगरा होत नाही. फरक पडतो तो लेसरने तबकडीवर उमटवलेल्या खुणा किती रेखीव आहेत, यात. खुणा पुसट किंवा वेड्यावाकड्या असल्या की वाचताना चुका होतात आणि प्लेअर त्या आपल्या परीने दुरुस्त करत राहतो. दुरुस्ती जमते आहे तोवर पाहणाऱ्याला काहीच जाणवत नाही. ती जमेनाशी झाली की चित्र चौकोनाचौकोनांत फुटते, आवाज अडखळतो आणि प्लेअर जागच्या जागी थांबतो. वाईट प्रत पहिल्या दिवशी चांगल्या प्रतीसारखीच दिसते, आणि फसगत होते ती नेमकी इथे.

महाराष्ट्रात याचा सर्वाधिक अनुभव लग्नाच्या डीव्हीडींनी दिला. मिनी डीव्ही कॅसेटवर शूटिंग व्हायचे, संगणकावर एडिटिंग व्हायचे आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांसाठी दहावीस प्रती काढल्या जायच्या. लग्नसराईची घाई, पन्नास तबकड्यांचे स्वस्त स्पिंडल आणि राइटरवर १६ एक्सचा वेग. पुढे काही वर्षांनी तक्रार येई ती बहुधा एकाच प्रकारची : हळद दिसते, मंगलाष्टका ऐकू येतात, पण पाठवणी जवळ आली की डीव्हीडी अडकते. याला कारण आहे. डीव्हीडीचे लेखन आतल्या बाजूने सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे जाते. तबकडी पूर्ण भरली असेल तर समारंभाचा शेवट अगदी कडेला येतो आणि तबकडीचा सर्वांत कच्चा भाग म्हणजे ही कडच. तिथे रंगद्रव्याचा थर सारखा बसलेला नसतो, तबकडी किंचित वाकलेली असली तर तो वाकही तिथेच जास्त असतो, आणि बोटांचे ठसे व ओरखडेही तिथेच आधी पडतात.

वेगाचा प्रश्न याच कडेशी जोडलेला आहे. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ मेगाबाइट, १६ एक्स म्हणजे सुमारे २२ मेगाबाइट. मात्र १६ एक्सचा राइटर आतल्या भागात साधारण ६ एक्सने सुरुवात करतो आणि पूर्ण वेग गाठतो तो कडेपाशी. तेव्हा तबकडी मिनिटाला सुमारे नऊ हजार फेरे घेत असते. म्हणजे तबकडी जिथे सर्वांत कच्ची, तिथेच राइटर सर्वांत जोरात लिहितो. पूर्ण तबकडीला १६ एक्सने पाचसहा मिनिटे लागतात, ८ एक्सने आठनऊ. वाचतात ती दोनतीन मिनिटे, आणि त्यांच्यापायी पाठवणी जाते.

तरीही वेग जितका कमी तितके लेखन चांगले, हा सल्ला डोळे मिटून पाळू नये. १६ एक्ससाठी बनवलेल्या तबकडीतले सेंद्रिय रंगद्रव्य जोरदार, अगदी थोडा वेळ पडणाऱ्या लेसरला साजेसे असते. कोणत्या तबकडीवर कोणत्या वेगाला लेसर किती तीव्र ठेवायचा आणि किती वेळ पेटता ठेवायचा, याचे हिशेब राइटरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, आधीच भरलेले असतात. अगदी कमी वेगासाठी ते नेहमीच नीट बसवलेले नसतात, आणि कित्येक राइटर अशा तबकडीवर ४ एक्सच्या खाली उतरतच नाहीत. व्यवहारात १६ एक्सची तबकडी ८ एक्सने आणि ८ एक्सची ४ एक्सने लिहावी. ८.५ गिगाबाइटच्या दुहेरी थराच्या तबकडीला मात्र खरोखरच सावकाश, २.४ किंवा ४ एक्सने लिहिणे बरे, कारण तिथे लेसरला पहिल्या थरातून आरपार जाऊन दुसऱ्या थरावरही लिहायचे असते.

तबकडी निवडताना वेष्टनावरच्या नावापेक्षा तिच्या आत कोरलेला उत्पादकाचा संकेत महत्त्वाचा. एकाच ब्रँडच्या दोन स्पिंडलमध्ये दोन वेगळ्या कारखान्यांचा माल असू शकतो. इमेजबर्नसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये कोरी तबकडी घातली की हा संकेत वाचता येतो. जुन्या नावांवर विसंबूनही चालत नाही. जाणकारांची आवडती जपानी कंपनी ताइयो युडेन २०१५ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली. मित्सुबिशी केमिकलने व्हर्बाटिमचा व्यवसाय २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसीला विकण्याचे जाहीर केले. भारतात घरोघरी पोचलेली मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. आज त्या नावाची तबकडी मिळाली तर ती वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेली असण्याची शक्यता धरावी. एकदम शंभर न घेता आधी थोड्या घ्याव्यात, तपासाव्यात आणि मग त्याच संकेताच्या आणखी घ्याव्यात.

‘मायनस’ (डीव्हीडी-आर) आणि ‘प्लस’ (डीव्हीडी+आर) या तबकडीच्या दोन जातींत टिकाऊपणाचा फरक शोधत बसण्यात अर्थ नाही. प्लस तबकडीची एक सोय मात्र खरी उपयोगाची. योग्य राइटरवर तिची नोंद ‘डीव्हीडी-रॉम’ अशी करता येते आणि मग घरातली लिहिलेली तबकडी विकतच्या तबकडीसारखी ओळखली जाते. जुन्या, हट्टी प्लेअरवर याने बरेचदा काम होते. मायनस तबकडीत ही सोय नाही.

राइटर निवडताना शक्यतो डेस्कटॉपमध्ये बसणारा पूर्ण आकाराचा घ्यावा. लॅपटॉपसाठीचे पातळ राइटर बहुतेक ८ एक्सपर्यंतच जातात, ही अडचण नव्हे. त्यांची खरी अडचण अशी की यांत्रिक भाग हलके असतात आणि बाहेरून जोडलेल्याला वीज यूएसबीतूनच मिळते. ती कमी पडली तर लेखन मध्येच बिघडते, म्हणून असा राइटर हबला न जोडता थेट संगणकाला जोडावा. फर्मवेअर अद्ययावत करावे. एखादी तबकडी एका राइटरवर उत्तम आणि दुसऱ्यावर वाईट लिहिली जाते, हे नेहमीच घडते. म्हणून चांगला राइटर कोणता, असा सुटा प्रश्न विचारण्यापेक्षा हातातल्या तबकडीशी कोणाचे जमते, हे पाहावे.

लिहिण्यापूर्वी ठरवायचे ते तबकडी किती भरायची. ४.७ गिगाबाइटची तबकडी संगणकाच्या हिशेबाने ४.३८ भरते. ४.२ पर्यंत थांबले तर कड मोकळी राहते. दोन तासांच्या चित्रणाला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट मिळतात आणि ते पुरेसे असते. तीन तासांचे लग्न एकाच तबकडीत कोंबले की हा दर साडेतीनच्या आसपास येतो आणि वरातीतल्या नाचासारख्या वेगवान दृश्यांत चित्र फुटू लागते. हा बिघाड लेखनाचा नसतो, दाबून लहान केलेल्या चित्राचा असतो, आणि तो कोणत्याही राइटरने सुधारत नाही. दोन तबकड्या कराव्यात.

लेखन थेट एका ड्राइव्हमधून दुसऱ्यात करू नये. आधी हार्ड डिस्कवर तबकडीची पूर्ण प्रतिमा (इमेज फाइल) घ्यावी आणि मग त्यावरून लिहावे. त्या वेळी संगणकावर दुसरे जड काम चालू ठेवू नये. संपूर्ण तबकडी एका दमात लिहून ती फायनलाइज करावी, नाहीतर टीव्हीखालचा प्लेअर तिला ओळखणारही नाही. शेवटी ‘व्हेरिफाय’ची खूण कधीही काढू नये. त्यात वेळ जवळजवळ दुप्पट होतो, तरी तो द्यावाच. पण व्हेरिफाय झाले याचा अर्थ इतकाच की या ड्राइव्हने आज ती वाचली. चुका किती आहेत, हे मोजायचे असेल तर नीरोच्या डिस्कस्पीडसारखा प्रोग्रॅम आणि ती मोजणी देणारा ड्राइव्ह लागतो. प्रमाणानुसार लागोपाठच्या आठ विभागांत प्राथमिक चुका २८० च्या वर जाता कामा नयेत. चांगल्या प्रतीत त्या याच्या कितीतरी खाली राहतात. आलेख कडेपाशी एकदम चढू लागला तर पुढची प्रत कमी वेगाने काढावी. मोजणीची सोय नसेल तर तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये आणि एखाद्या जुन्या प्लेअरवर घालून शेवटची दहा मिनिटे पाहावीत.

कागदी लेबल चिकटवू नये. तोल जातो आणि उन्हाळ्यात डिंक सुटतो. पाण्याच्या शाईच्या मार्करने लिहावे, तबकडी डबीत उभी ठेवावी, ऊन आणि दमटपणा टाळावा.

चांगल्या लिहिलेल्या प्रतीचे रंगद्रव्यही कालांतराने उतरते आणि नव्या संगणकांत आता सहसा डीव्हीडी ड्राइव्ह येत नाही. ज्यांच्या कपाटात लग्नाची, मुंजीची किंवा गेलेल्या माणसाच्या आवाजाची डीव्हीडी आहे, त्यांनी ती वाचली जात आहे तोवरच तिची पूर्ण प्रतिमा हार्ड डिस्कवर घ्यावी, दुसरी एखाद्या नातेवाइकाकडे ठेवावी, आणि मूळ कॅसेट असेल तर ती टाकून देऊ नये.