मल्लखांबाला तेल, मग पोलला का नको?

प्रश्न : मी ठाण्याला राहते, वय 31. पोल डान्स शिकायची फार इच्छा आहे, पण जवळपास वर्ग नाही. म्हणून घरीच पोल बसवावा म्हणते. छताला भोक न पाडता बसणारा पोल मिळतो म्हणे. तो माणसाचा भार कसा पेलतो? तरुणपणी मल्लखांब केलेले माझे आजोबा सांगतात, ‘खांबाला एरंडेल चोळल्याशिवाय अंग लावायचं नाही.’ व्हिडिओतल्या बाई मात्र अंगाला क्रीमसुद्धा लावू देत नाहीत. खरं कोणाचं? आणि शिक्षकाशिवाय कितपत शिकता येतं?

उत्तर : आधी आजोबांची शंका सोडवू, कारण बाकीच्या दोन्ही उत्तरांची किल्ली तिच्यातच आहे. आजोबा बरोबर सांगतात आणि व्हिडिओतल्या बाईही. दोघांचे खांब वेगळे आहेत आणि त्या खांबांकडून दोघांना हवं असलेलं कामही वेगळं आहे.

पुरलेला मल्लखांब शिसवी किंवा सागवानी लाकडाचा असतो. बुंध्याशी जाड, वर निमुळता होत जाणारा. खेळाडू त्याला मांड्यांनी आणि हातांनी विळखा घालतो आणि अढी, तेढी, दसरंग करताना अंग लाकडावर वेगाने फिरतं, घसरतं. कोरड्या लाकडावर हे केलं तर कातडी सोलून निघेल. एरंडेल दाट असतं. ते घर्षण कमी करतं आणि अंगाला सरकायला वाट देतं. पकड राहते ती जाड खांबाभोवतीच्या घट्ट विळख्यामुळे.

पोल असतो धातूचा, गुळगुळीत आणि वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीचा. सर्वाधिक वापरला जाणारा व्यास 45 मिलिमीटर. इतक्या बारीक दांड्याला अंगाचा थोडाच भाग टेकतो : तळहात, मांडीची आतली बाजू, गुडघ्यामागची लवण, कधी काख. तेवढ्याशा कातडीने सगळं वजन धरायचं, म्हणजे ती धातूला चिकटायलाच हवी. तेलाचा पातळसा थर मध्ये आला की कातडी आणि धातू यांची गाठच पडत नाही आणि माणूस खाली येतो. म्हणून सरावाच्या दिवशी अंगाला तेल नाही, क्रीम नाही, मॉइश्चरायझरही नाही.

तोकड्या कपड्यांचं कारणही हेच आहे. ते दिखाव्यासाठी असतात असा समज सर्रास आढळतो, पण पूर्ण पायांची लेगिंग घालून पोलवर मांडीने बसून पाहिलंत तर कापड घसरतं आणि उत्तर लगेच कळतं. चालण्याचे आणि जमिनीवरचे प्रकार लेगिंगमध्ये खुशाल करा. मांडीची पकड लागणारे प्रकार मात्र हाफ पँटमध्येच करायचे. अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवा. त्यांनी पोलवर ओरखडे उठतात आणि बोटालाही इजा होते.

आता घामाचं. किंचित दमट कातडी चांगली धरते, ओली कातडी निसटते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ओल्या कातडीचीच अडचण जास्त येईल. हाताशी सुती फडकं ठेवा, दर दोन-तीन प्रयत्नांनंतर पोल आणि तळवे पुसा. सराव संपल्यावर स्पिरिटने पोल साफ करा, म्हणजे अंगाचा तेलकटपणा त्यावर साचणार नाही. तळव्यांना फार घाम येत असेल तर व्यायामशाळेत वापरतात तो द्रवरूप चॉक उपयोगी पडतो. क्रोमचा मुलामा दिलेले पोल सर्वांत जास्त दिसतात. पितळेचा पोल घामट हातांना जास्त धरतो. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी पावडर कोटिंगचा पोल घ्यावा.

दुसरी शंका : भोक न पाडता पोल उभा कसा राहतो? त्याच्या बुडाशी स्क्रू असतो. तो फिरवला की पोल लांबतो आणि जमीन व छत यांच्यामध्ये घट्ट दाबून बसतो. या दाबामुळे वरच्या तबकडीत आणि छतात घर्षण निर्माण होतं आणि तेच पोलला आडवं सरकू देत नाही. तुमचं सरळ खाली जाणारं वजन जमीन पेलते. खरी परीक्षा होते ती तुम्ही गिरकी घेता तेव्हा, कारण त्या वेळी पोल बाजूला ओढला जातो. म्हणून ‘शंभर किलो पेलतो’ एवढं वाचून भागत नाही. छत तो दाब सहन करतं का, हे आधी पाहायचं.

आपल्या इमारतींमधला सिमेंट-सळयांचा स्लॅब यासाठी चांगला असतो, त्याच्या बीमखालची जागा तर उत्तमच. फॉल्स सीलिंग मात्र मुळीच चालत नाही. पीओपीचा किंवा जिप्समचा तक्ता छताला टांगलेला असतो. त्याला खालून रेटा दिला की तो फुटतो आणि पोल सैल होतो. जुन्या इमारतीत लाकडी तुळया असतील, स्लॅबला तडे गेले असतील किंवा गळतीने सळया गंजल्या असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. हार्डवेअरच्या दुकानातला पाइप, पडद्याची दांडी किंवा दारात अडकवायचा पुलअप बार या कामासाठी बनलेले नसतात. ते कितीही भक्कम वाटले तरी वापरू नका.

पोल ओळंब्यात आहे ना, हे गवंड्याच्या लेव्हलने पाहा. तिरका बसलेला पोल दर गिरकीला थोडाथोडा सरकतो. प्रत्येक सरावाआधी दोन्ही हातांनी हलवून तो पक्का आहे का, याची खात्री करा. सभोवार साधारण दीड मीटर जागा मोकळी हवी. आपल्या घरांत खोलीच्या मधोमध पंखा असतो, त्याच्या पात्यांपासून पोल पुरेसा लांब घ्या आणि सराव करताना पंखा बंदच ठेवा.

आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. वर्गात शिक्षक शेजारी उभा असतो. हात निसटला तर तो आधार देतो, खांदा चुकीचा पडला तर तिथेच थांबवतो. घरी तो हात नसतो. त्याची भरपाई एकाच गोष्टीने होते : शिकण्याचा क्रम काटेकोर पाळायचा. आणि त्या क्रमाचा पहिला नियम असा, की ज्या स्थितीतून सावकाश खाली येता येत नाही, त्या स्थितीत चढायचं नाही.

सुरुवातीला फिरता पोल घेतलात तरी तो स्थिर करून वापरा. स्थिर पोलवर तुम्ही त्याच्याभोवती फिरता आणि तुमचा वेग घर्षणाने आपोआप उतरतो. फिरता पोल तुमच्यासकट फिरत राहतो. तिथे हातपाय अंगाजवळ घेतले की वेग वाढतो, पसरले की कमी होतो. घाबरलेला माणूस सहजच अंग आखडून घेतो, म्हणजे थांबायचं असताना नेमका जोरात फिरू लागतो. ही सवय मोडायला वेळ लागतो, म्हणून फिरता पोल नंतर.

पहिले काही आठवडे पोलभोवती चालणं, दोन्ही पाय जमिनीवरून उचलून साध्या गिरक्या, पोलवर मांड्यांनी बसणं आणि थोडं चढून त्याच वाटेने उतरणं एवढंच करा. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवा. आधी दहा-पंधरा मिनिटं मनगटं, खांदे, पाठ आणि मांड्या तापवा. प्रत्येक प्रकार डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी करा. आवडत्याच बाजूने करत राहिलात तर एक खांदा थकतो आणि दुसरा कच्चा राहतो.

लटकताना खांदे कानापर्यंत चढू देऊ नका. खवाटे खाली आणि मागे ओढलेले असले की वजन पाठीचे मोठे स्नायू घेतात. नाहीतर ते खांद्याच्या सांध्यावर पडतं. ‘आधी ताकद कमवा, मग पोलला हात लावा’ हा समजही सोडून द्या. लागणारी ताकद याच सरावातून येते, फक्त घाईने येत नाही.

उलटं होण्याचा मोह लवकर होईल, कारण व्हिडिओत तेच देखणं दिसतं. पाय झटक्याने वर फेकून उलटं होता येतं, पण झटक्याने वर गेलेल्याला ताब्यात राहून खाली येता येत नाही आणि पडताना डोकं व मान खाली असते. आधी पोल धरून दोन्ही गुडघे सावकाश छातीशी घेणं, थांबणं आणि तितक्याच सावकाश पाय खाली ठेवणं जमू द्या. खाली जाड गादीची मॅट जरूर असू द्या. तिने मार कमी बसतो, मान मात्र वाचेलच असं नाही. घरात कोणी नसताना उलटं होऊ नका.

इथे आजोबांचा मोठा उपयोग आहे. पोल डान्स मल्लखांबातून निघाला असं काहीजण समजतात, तसं नाही. पेशवे दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. आजच्या पोल डान्सची वाट पाश्चात्त्य देशांतल्या नाइट क्लबांतून व्यायामाच्या स्टुडिओत आली आणि 2012 साली लंडनमध्ये पोल स्पोर्ट्सची जागतिक स्पर्धाही झाली. वाटा वेगळ्या असल्या तरी दोन्हींतलं शरीराचं शास्त्र जवळचं आहे. खांदा ढिला पडला का, उतरताना घाई झाली का, हे मल्लखांब केलेल्या माणसाला चटकन दिसतं. सरावाच्या वेळी त्यांना समोर खुर्ची द्या. एरंडेलाची बाटली मात्र लांब ठेवा.

सुरुवातीला मांड्यांवर काळेनिळे डाग पडतील, कातडी चुरचुरेल. ते काही दिवसांत ओसरतं. सांध्यात टोचणारी कळ, हाताला मुंग्या किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रेंगाळणारं दुखणं मात्र अंगवळणी पाडून घेऊ नका. सराव थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, काचबिंदू, जुनी खांद्याची दुखापत किंवा गरोदरपण असेल तर सुरुवातीआधीच विचारा.

तेव्हा घरी शिकता येतं, अगदी मनापासून आणि चांगलं शिकता येतं, पण पाय जमिनीकडे असलेले प्रकारच. उलटं होण्याची वेळ आली की मुंबईतल्या एखाद्या स्टुडिओत काही वर्ग लावा. प्रवासाचा त्रास होईल, पैसेही जातील. पण पहिल्यांदा उलटं होताना अनुभवी माणसाचा हात पाठीशी असणं त्या खर्चाहून मोलाचं आहे.